धुतलेले रॉकर

बाबांना गॅरेजमध्ये आणण्याची कल्पना आत्याची. माझी असती तर ती माझ्या मनातच राहिली असती, कारण माझ्या बहुतेक कल्पना तिथेच राहतात. आत्या मात्र एका सुट्टीच्या सकाळी घरी आली, बाबांच्या खोलीच्या दाराला टेकून उभी राहिली आणि खिडकीकडे तोंड करून बसलेल्या आपल्या मोठ्या भावाला म्हणाली, "दादा, या खिडकीतून एवढं दिसतं तरी काय रे?"

"समोरची भिंत," बाबा म्हणाले.

"पळून जायची भीती आहे का तिला?"

"नाही."

"मग तिची राखण पुरे झाली. उद्यापासून माझ्याकडे येऊन बस. माझ्या भिंती इतक्या काळ्या आहेत की बघाव्याशा वाटणारच नाहीत."

बाबांनी पुन्हा एकदा त्या भिंतीकडे पाहिले. मग म्हणाले, "येईन. पण मी अडचण होत असेन तर सांग. मी लगेच उठेन."

हे वाक्य इतर कोणी उच्चारले असते तर तो शिष्टाचार ठरला असता. बाबांच्या तोंडी ती नोटीस होती. आयुष्यभर त्यांनी एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून काम केले. बाटल्या भरल्या, पुड्या बांधल्या, आणि निवृत्त झाल्यावर त्यांना जणू कळेनासेच झाले की जगात आपण नेमके कुठे उभे राहायचे. आई त्याच्या थोडे आधीच गेली होती. ती होती तोवर आम्ही दोघे किती अबोल आहोत हे कोणाच्या लक्षातच आले नव्हते, कारण ती तिघांच्या वाटणीचे बोलत असे. ती गेल्यावर घर नीट ऐकू येऊ लागले: नळ, घड्याळ, जिन्यावरची पावले.

बाबांनी आधी वाचनालयात जाऊन पाहिले. तिथल्या शिपायाने झाडताना त्यांच्या शेजारची खुर्ची उचलून बाजूला ठेवली. बाबांना वाटले, आता उठा असे सुचवतो आहे. ते उठले आणि पुन्हा गेले नाहीत. मग खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे बुद्धिबळ खेळायला जाऊ लागले. एके दिवशी शेजाऱ्यांना डाव चालू असताना जांभई आली. तो त्यांचा शेवटचा डाव. बाबांना जागा सोडायला सांगावे लागत नसे. नुसती शंका पुरत असे. आणि आता गॅरेजनंतर त्यांना जायला कुठलीच जागा उरली नव्हती, हे मला माहीत होते. इथूनही ते उठले असते तर ती खिडकी आणि ती भिंत त्यांना कायमची मिळाली असती.

अडचण अशी की आत्या ओरडते. गल्लीत तिला सगळे 'उस्ताद' म्हणतात, आणि उस्तादची शिकवण्याची, रागावण्याची आणि प्रेम करण्याची पद्धत एकच आहे. ती पान्यांवर ओरडते, लेथवाल्यावर ओरडते, गिऱ्हाइकांवर ओरडते. मी तिच्याकडे शिकायला लागलो तेव्हा पहिले काही महिने माझे नाव 'अरे देवा' असेच होते.

"आत्या, बाबांना काही बोलू नकोस," मी तिला आदल्या संध्याकाळीच बजावले.

"म्हणजे माझ्याच गॅरेजात मी तोंडाला बूच मारून बसू?"

"फक्त बाबांच्या बाबतीत."

"आणि पोट फुगलं तर?"

"माझ्यावर ओरड. दुप्पट."

"ते मी तसंही करतेच," आत्या म्हणाली. पण तिने शब्द दिला.

बाबा इस्त्रीचा सदरा घालून आले. मी त्यांच्यासाठी उजेडाच्या बाजूला एक खुर्ची मांडली होती, तिच्यावर धुतलेला कपडा पसरला होता, शेजारी वर्तमानपत्र ठेवले होते. रोज सकाळी मी ती खुर्ची पुसत असे. बाबांनी एखादी वस्तू उचलायला हात पुढे केला की त्यांच्या आधी माझा हात तिथे पोचे. "राहू द्या, बाबा, तेल लागेल," मी म्हणायचो, आणि ते हात मागे घ्यायचे. आत्या लांबून हे बघायची, ओठ घट्ट मिटून पाना फिरवायची आणि नटावर गरजेपेक्षा जास्त जोर लावायची. मला वाटायचे, सगळे कसे छान जमले आहे.

त्याच दिवसांत दातांच्या डॉक्टरांची गाडी आली. गाडी जुनी, डॉक्टरांच्या सासऱ्यांच्या वेळची, आणि अशा इंजिनांची भाषा कळणारी माणसे आता आमच्या गावात फारशी उरलेली नव्हती. डॉक्टर बोलके होते. दिवसभर त्यांच्यासमोर बसणाऱ्या माणसांना उत्तर देता येत नाही, त्यामुळे त्यांना उत्तराची वाट पाहण्याची सवयच नव्हती.

"सकाळपासून शिंकतेय बिचारी," ते गाडीतून उतरता उतरता म्हणाले, "आणि आत कोणीतरी टाळ्या वाजवतंय. शनिवारच्या आत व्हायला हवी, उस्ताद. सासूबाईंना स्टेशनवर सोडायचंय. गाडी नाही म्हटलं तर त्या राहतील."

आत्याने गंभीरपणे मान हलवली. "म्हणजे तातडीचं आहे."

तिने इंजिन चालू ठेवून कान लावला, बंद केले, आणि मला टॅपेट कव्हर उघडायला सांगितले. कव्हर म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचे पत्र्याचे झाकण. ते निघाल्यावर खाली एक लांब दांडा दिसतो, आणि त्या दांड्यावर ओळीने बसलेल्या आठ लहान लोखंडी तरफा. त्यांना रॉकर म्हणतात. प्रत्येक रॉकर लहान मुलांच्या सी-सॉसारखा असतो: एका टोकाला खालून पुशरॉड नावाची बारीक सळई त्याला वर ढकलते, तेव्हा दुसरे टोक खाली येऊन व्हॉल्व्ह दाबते, आणि व्हॉल्व्हभोवतीची स्प्रिंग त्याला पुन्हा वर नेते. इंजिनाचा श्वास म्हणजे एवढेच. हे वर्णन करायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात ते शंभरदा घडून जाते, आणि तरीही मला ते नेहमी संथ वाटत आले आहे, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखे.

डॉक्टरांनी सवयीने आत डोकावून पाहिले. "कुठला दुखतोय?"

"तिसऱ्या सिलिंडरचा," आत्या म्हणाली. "हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हची स्प्रिंग तुटलीय. त्या धक्क्यानं पुशरॉड जागचा सुटून वाकला आणि जाता जाता रॉकरला तडा देऊन गेला."

"म्हणजे काढावं लागणार."

"काढायचं काम तुमचं, डॉक्टर. आम्ही परत बसवतो."

स्प्रिंग आम्ही त्याच दिवशी बदलली. आत्याची त्याची एक रीत आहे. हेड, म्हणजे इंजिनाचे डोके, न उतरवता स्प्रिंग काढायची तर व्हॉल्व्ह आत सिलिंडरमध्ये पडण्याचा धोका असतो. म्हणून ती प्लगच्या भोकातून मऊ सुती दोरी आत सोडते, हातभर, दोन हात, आणि मग पिस्टन हाताने वर आणते. दोरीची उशी व्हॉल्व्हला खालून धरून ठेवते. आपण वरून स्प्रिंग दाबायची, तिला धरून ठेवणारी नखाएवढी दोन लॉक चिमट्याने अलगद काढायची, नवी स्प्रिंग घालायची, लॉक परत बसवायची आणि दोरी ओढून घ्यायची.

दोरी आत जाताना बाबा खुर्चीतून थोडे पुढे झुकले होते. "दोरी कशाला?" त्यांनी विचारले.

"तशी पद्धत आहे, बाबा," मी म्हणालो. मला वाटले, त्यांना उगाच तांत्रिक तपशिलांचा कंटाळा कशाला. ते पुन्हा मागे टेकले. वर्तमानपत्राचे पान उलटल्याचा आवाज आला, पण ते पान त्यांनी आधीच वाचलेले होते.

मग रॉकरचा दांडा खाली घेतला आणि सगळे रॉकर एकेक करून सोडवले. आत्या भागांवर कधी खुणा करत नाही, आकडे टाकत नाही. तिच्याकडे अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे असतो. पहिल्या व्हॉल्व्हचा रॉकर पहिल्या खाचेत, दुसऱ्याचा दुसऱ्या. पुशरॉडसाठी भोके पाडलेला एक जाड पुठ्ठा. क्रम मोडायचा नाही, हा त्या गॅरेजमधला एकमेव कायदा. कारण जुन्या इंजिनात कोणताही भाग एकटा झिजत नाही. अमुक रॉकर अमुक व्हॉल्व्हच्या टोकावर वर्षानुवर्षे घासलेला असतो. याच्या तळाची खोलगट जागा त्याच्या डोक्याच्या मापाची झालेली असते. त्यांना वेगळे केले, दुसऱ्याशेजारी बसवले, तर दोघेही कुरकुरतात, आणि कितीही माप घेतले तरी ते माप खोटे येते.

वाकलेल्या पुशरॉडच्या जागी दुसरा करून घ्यायला आत्या लेथवाल्याकडे गेली. रॉकर नवा मिळण्याचा प्रश्नच नव्हता. मी जुन्या भागांच्या दुकानात गेलो. तिथे पत्र्याच्या डब्यांतून शोधाशोध करता करता मला त्याच जातीचा एक रॉकर सापडला. तडा नव्हता, पण तो कुठल्या तरी अनोळखी गाडीत झिजलेला होता. मी तो खिशात घालून परतलो. बाबांना गॅरेजमध्ये एकटे सोडून आम्ही दोघेही गेलो, असे प्रथमच घडले होते.

परत आलो तेव्हा बाबा उभे होते. बाह्या कोपरापर्यंत वर. कामाच्या टेबलावर पांढरे फडके अंथरलेले, आणि त्यावर सात रॉकर, दोन सरळ ओळींत, चांदीचे असावेत तसे चमकत होते. काचेच्या उंच बरणीत पुशरॉड उभे केलेले, दवाखान्यात थर्मामीटर ठेवतात तसे. दांडा पुसून लखलखीत. नट वेगळे, वायसर वेगळे, मापाप्रमाणे.

"वेळ होता," बाबा म्हणाले. "सगळं तेलात बरबटलेलं होतं. तो पुठ्ठाही फार घाण झालेला. टाकून दिला."

ट्रे कचऱ्याच्या डब्यात होता. रिकामा.

मी त्या फडक्याकडे पाहिले, मग बाबांच्या बोटांकडे. नखांत काळे तेल शिरले होते आणि त्यांनी ते अजून धुतले नव्हते. खूप दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर काम संपवलेल्या माणसाचा थकवा होता. मी त्या क्षणी काय बोलायला हवे होते हे मला नंतर आत्याने सविस्तर सांगितले. त्या क्षणी मी एवढेच म्हणालो, "छान केलंत, बाबा."

मग मी त्यांच्याकडे पाठ करून टेबलाशी उभा राहिलो, एक रॉकर उजेडात धरला, दुसरा धरला. मनाशी ठरवले होते की कोणाला न कळू देता हे लावून टाकायचे. झिजेवरून ओळखता येईल. वेळ लागेल, पण येईल. बाबा मागे खुर्चीत बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "काही राहिलं का रे?"

"नाही, नाही. बघतोय नुसता."

"बराच वेळ बघतोयस."

तेवढ्यात आत्या आली. हातात कागदात गुंडाळलेला पुशरॉड. ती टेबलापाशी थांबली. मी तिला डोळ्यांनी खुणा केल्या.

"डोळ्यात काय गेलंय तुझ्या?" ती म्हणाली. आणि मग, अगदी हळू, "हे कोणी धुतलं?"

"मी," बाबा म्हणाले. "आधी रॉकेलमध्ये. मग साबणाच्या कोमट पाण्यात. मग कोरडं करून..."

"पाण्यात," आत्या म्हणाली. तिने पुशरॉड खाली ठेवला. तिने माझ्याकडे पाहिले, छताकडे पाहिले, दोन्ही हात कमरेवर ठेवले. मी मनातल्या मनात तिची विनवणी करत होतो. पण बूच उडाले.

"दादा, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? कुठला कुठे होता हे आता कोण सांगणार, तुझे डॉक्टर? मी तुझ्या दवाखान्यात येऊन सगळ्या बाटल्यांची लेबलं धुऊन काढली असती, आणि वर म्हटलं असतं, बघ दादा, काचा कशा चकचकीत झाल्या, तर तू मला बक्षीस दिलं असतंस? माणसानं हात लावायच्या आधी तोंड उघडून विचारावं. तोंड दिलंय ना आईनं? का तेही जपून ठेवलंयस?"

"आत्या, पुरे," मी म्हणालो. बाबा खुर्चीतून उठले, आणि मला ती खिडकी दिसली, ती भिंत दिसली.

"प्रत्येकाची जागा ठरलेली होती?" बाबांनी विचारले.

"मग काय तर. हा त्याच्याशी झिजलाय, तो याच्याशी. पुठ्ठा म्हणजेच लेबल होतं."

बाबांनी मान डोलावली. मग ते माझ्याकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू म्हणालास, छान केलंत."

मी हातातला रॉकर खाली ठेवला.

"चुकीची पुडी गेली हे कळल्यावर मी त्या पेशंटला म्हणायचं, आज प्रकृती छान दिसतेय तुमची? असं?" त्यांचा आवाज वाढला नव्हता, पण त्यात एक धार होती, आणि मला आठवेना की ती मी शेवटची कधी ऐकली होती. मग ते बहिणीकडे वळले. "आणि तू. इतके दिवस गप्प कशी राहिलीस? लहानपणी तुझी पेन्सिल घेतली म्हणून शाईची दौत फेकली होतीस माझ्यावर."

"यानं शपथ घातली होती."

"कशाला?"

"मी ओरडले तर तू उठून जाशील म्हणून."

बाबांनी टेबलावरच्या फडक्याची कड सरळ केली. बाहेरून कोणीतरी सायकल ढकलत नेली; तिच्या चाकाची टिकटिक गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आली.

"मी जाणारच होतो," ते म्हणाले. "उद्यापासून यायचं नाही असं ठरवलं होतं मी. सगळ्यांवर ओरडतेस, माझ्यावर नाही. हा माझी खुर्ची पुसतो. दोरी कशाला विचारलं तर पद्धत आहे म्हणतो. मला वाटलं, पाहुणा आलाय, कधी जातो याची वाट बघताय तुम्ही दोघं, फक्त भिडेपोटी बोलत नाही. म्हटलं, जाता जाता काहीतरी काम तरी करून जावं."

आत्याने माझ्याकडे पाहिले. ते पाहणे तिच्या ओरडण्यापेक्षा फार वाईट होते.

"आता उभा काय राहिलास?" बाबा मला म्हणाले. "कशावरून ओळखायचं ते सांग. आणि नीट सांग. पद्धत आहे म्हणू नकोस."

मी बोलू लागलो. मला वाटते, बाबांशी मी सलग इतका वेळ आयुष्यात कधी बोललो नव्हतो. मी त्यांना रॉकरच्या तळावरची झीज दाखवली, एकाची मधोमध, एकाची डावीकडे सरकलेली, एकाची चंद्रकोरीसारखी. मग इंजिनावर वाकून व्हॉल्व्हच्या टोकांवरची तशीच उमटलेली चिन्हे दाखवली. पुशरॉड ज्या भोकातून जातो त्याच्या कडेला काही सळया जरा घासतात आणि त्यांच्यावर एक मंद पट्टा उठतो, तो दाखवला. दोरी कशाला, तेही सांगितले. बाबांनी खिशातून आपले वाचायचे भिंग काढले आणि एक रॉकर डोळ्यांजवळ नेला.

"हा दुसऱ्याचा," ते बऱ्याच वेळाने म्हणाले.

आत्याने व्हॉल्व्हच्या टोकाला निळा रंग लावला, रॉकर टेकवला, उचलला. निळा डाग झिजेच्या खळग्यात काठोकाठ भरलेला होता. "दुसऱ्याचाच," ती म्हणाली, आणि जरा नाराजीनेच.

"आणि हा चौथ्याचा."

"दादा, उलटा धरलायस."

"मग उलटा चौथ्याचा."

"उलटा कोणाचाच नाही. खाली ठेव."

असे ते दुपारभर चालले. बाबा चुकत होते, आत्या ओरडत होती, आणि प्रत्येक ओरडण्यासरशी बाबा टेबलाच्या थोडे अधिक जवळ सरकत होते. खुर्ची मागे कुठेतरी राहिली. तिच्यावर आत्याने रॉकेलचा डबा ठेवला आणि मी तो काढला नाही. एक नवा ट्रे आणला गेला, आणि रॉकर एकेक करून आपापल्या खाचेत परतले. शेवटी दोन उरले, इतके सारखे की निळा रंगही दोन्ही ठिकाणी सारखाच हसला.

"दोन गोळ्या एकसारख्या दिसल्या की आम्ही एकच गोष्ट करायचो," बाबा म्हणाले.

"काय?"

"डॉक्टरांना विचारायचो."

"इथली डॉक्टर मी," आत्या म्हणाली. "लावा कसेही. कानानं ठरवू."

तोवर मी आणलेल्या रॉकरकडे वळलो. त्याचा तळ दुसऱ्याच कुठल्या इंजिनाने कोरलेला होता. मी ऑइलस्टोनवर थोडे तेल सोडले आणि तो तळ दगडावर हलके हलके घासू लागलो, वाटोळा, घाई न करता, त्याची मूळ गोलाई बिघडणार नाही इतक्या बेताने. जुना खळगा उथळ होत गेला, मग नुसती सावली राहिली, मग तीही गेली. असे काम करताना माझ्या मनात नेहमी एक शांत खिन्नता येते. त्या गाडीत कोण बसत असेल, ती कुठे थांबली असेल, कोणीतरी शेवटची किल्ली फिरवली तेव्हा त्याला ती शेवटची आहे हे माहीत असेल का, असे काहीबाही. पण त्या दुपारी ती खिन्नता फार टिकली नाही, कारण माझ्या पाठीमागे माझे वडील आणि आत्या वायसर कुठल्या बाजूने घालायचा यावरून भांडत होते.

दुसऱ्या दिवशी दांडा चढवला. टॅपेट लावताना, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली कागदाएवढी फट नेमकी करताना, इंजिन हाताने थोडे थोडे फिरवावे लागते. ते काम बाबांकडे आले. आत्या पातळ पट्टी फटीत सरकवून सांगायची, आणि बाबा पाना ओढायचे.

"थोडं पुढे. अजून थोडं. बस. दादा, थोडं म्हटलं होतं, गावाला जा म्हटलं नव्हतं."

"मागे घेऊ?"

"मागे नाही घ्यायचं. पूर्ण फिरवून परत ये आता. चुकलेल्या माणसानं लांबच्या रस्त्यानंच यायचं."

इंजिन चालू केले तेव्हा पहिल्यांदा ते खोकले, मग एक झटका घेतला आणि धरले. आत्याने लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक हेडवर टेकवून मूठ कानाला लावली, मग तो बाबांच्या हातात दिला. बाबांनी डोळे मिटले.

"यातला एक जास्त बोलतोय," ते म्हणाले.

"शेवटचे दोन. बदला."

आम्ही इंजिन थंड होऊ दिले, ते दोन सारखे दिसणारे रॉकर आपापसात बदलले, फटी पुन्हा लावल्या, पुन्हा चालू केले. आता आवाज एकसंध होता, शिवणयंत्रासारखा बारीक आणि समाधानी. फक्त तिसऱ्या सिलिंडरवर एक अगदी लहान टिक उरली.

"तो आणलेला," मी म्हणालो.

"राहू दे," आत्या म्हणाली. "चालेल तसा बसेल. पहिल्याच दिवशी कोणी गप्प बसत नाही." तिने क्षणभर बाबांकडे पाहिले. "काही लोक उगाच बसतात, पण ते चूक."

डॉक्टर ठरल्याप्रमाणे आले. त्यांनी उघड्या इंजिनापाशी कान नेला आणि अत्यंत समाधानाने म्हणाले, "वा. टाळ्या बंद."

"सासूबाई शनिवारी निघणार ना?" आत्याने विचारले.

"गाडी झाली म्हटल्यावर म्हणाल्या, मग आता घाई काय, केव्हाही सोडता येईल." बोलता बोलता डॉक्टरांनी टेबलावरच्या दुसऱ्याच एका इंजिनाच्या ट्रेमधून एक चकाकता भाग उचलला. "हे काय असतं हो?"

"ओ डॉक्टर, ठेवा ते," बाबा म्हणाले. "होतं तिथेच. त्याच खाचेत. शेजारच्या नाही."

इतक्या मोठ्या आवाजात की डॉक्टर प्रथमच उत्तर न देता थांबले, आणि त्यांनी तो भाग जागच्या जागी ठेवला. आत्या दुसरीकडे तोंड करून हसली.

संध्याकाळी आम्ही दोघे घरी चालत गेलो. नेहमी मी बाबांच्या चालीने चालतो. त्या दिवशी ते पुढे होते. ते दवाखान्याबद्दल बोलत होते: एकदा त्यांनी खोकल्याच्या औषधात भलताच रंग घातला होता, आणि डॉक्टर इतके ओरडले होते की रांगेतले दोन पेशंट बरे झाल्यासारखे उठून गेले होते. "दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कपाटाची किल्ली दिली," बाबा म्हणाले. "मग मी तिथे शेवटपर्यंत राहिलो."

माझ्या उत्तराची वाट न पाहता ते पुढे चालत राहिले.

जिना चढून आल्यावर त्यांनी दारातच बूट काढले आणि वाटेत आडवे, बरोबर मध्यभागी, ठेवून दिले. ते तिथेच ठेवतात. मी रोज त्यांना वळसा घालतो, आणि अंधार असला तर अडखळतो. मी नेहमीसारखा वळसा घेण्यासाठी पाय उचलला, आणि थांबलो.

"बाबा," मी म्हणालो, "बूट वाटेत ठेवू नका. पाय अडकतो माझा."

ते वळले. "कधीपासून?"

"नेहमीच."

"नेहमीच," त्यांनी माझ्याकडे पाहत म्हटले. मग ते वाकले आणि बूट उचलून भिंतीकडेला लावू लागले, टाचा जुळवून, अगदी सरळ. "आणि हे असं पुटपुटत सांगतात? तुझ्या आत्याकडे इतकी वर्षं काय शिकलास?"

मी घसा खाकरला आणि पुन्हा सांगितले, जरा मोठ्याने.